आळं

मंडळी, गेल्या वर्षी या सदरात मी अळूच्या पानांच्या शोधाबद्दल लिहिलं, त्याच्या आदल्या वर्षी पुरणयंत्राबद्दल. "या वेळी खाण्यापिण्याचं नको हं," असा प्रेमळ दम संपादकांनी जूनमध्येच भरला. तेव्हा या वेळी झाड. तेही एकच. आमच्या इमारतीच्या दारासमोर, फुटपाथमधल्या एका चौकोनात उभं असलेलं, माझ्या दंडाएवढ्या बुंध्याचं. गेल्या दिवाळीत ते जातंय की राहतंय अशी वेळ आली होती, आणि त्यापायी आमच्या घरात एक भांडणही झालं. ते पुढे येईलच.

जॅक्सन हाइट्स म्हटलं की तुम्हाला चौऱ्याहत्तरावा रस्ता आठवणार. साड्या, सोनं, पटेल ब्रदर्स, डोक्यावरून धडधडत जाणारी सात नंबरची गाडी. न्यू जर्सीत दुकानं निघायच्या आधी तुमच्यापैकी निम्मे जण शनिवारी कोथिंबीर आणि तूरडाळ न्यायला इथेच यायचे. पण दुकानं संपली की पुढे वेगळंच गाव सुरू होतं. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या जमिनी घेतल्या आणि अपार्टमेंट बांधली ती बागेभोवती. वाड्याला जसा चौक, तशी ब्लॉकच्या पोटात बाग. १९९३ पासून या भागाला ऐतिहासिक वस्ती म्हणून संरक्षण आहे. बागा खरोखर देखण्या आहेत, पण किल्ली तिथे राहणाऱ्यांच्या खिशात. आमच्यासारख्या बिनबागेच्या इमारतींतल्या माणसांना एक ट्रॅव्हर्स पार्क, आणि बाकी सावली असेल ती रस्त्यावरच्या झाडांची.

या झाडांकडे मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. २०१५ च्या उन्हाळ्यात मुलीला शाळेसाठी स्वयंसेवेचे तास भरायचे होते. न्यूयॉर्क शहरात १९९५ पासून दर दहा वर्षांनी रस्त्यावरच्या झाडांची गणना होत होती, त्यातली ती तिसरी. तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मी बरोबर. आम्हाला शिकवलं, हातात एक मोजायचं चाक दिलं, एक टेप दिली, आणि आम्ही मायलेकी क्वीन्सच्या गल्ल्यांतून चाक ढकलत निघालो. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर मोजायचा, जात ओळखायची, मग प्रश्नांची उत्तरं लिहायची. मुळांशी दगड-फरशा बसवल्यात का? बुंध्याला तार आवळलीय का? दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात का? फांद्यांवर बूट लटकलेत का? (हो, बुटांचा वेगळा रकाना होता. नाड्या एकमेकींना बांधून बूट वर भिरकावायची इथे पोरांना खोड आहे.)

आणि एक रकाना असा: या झाडाची कुणी काळजी घेत असल्याच्या खुणा दिसतात का? एक-दोन, तीन-चार, त्याहून जास्त, की काहीच नाही?

आमच्या दारासमोर तेव्हा एक जुना नॉर्वे मेपल होता. त्या मेपलखाली अकरा वर्षं मी मुलीची बाबागाडी मिटली होती, तांदळाची पोती उतरवली होती, पाहुण्यांना टाटा केला होता. मुलीने पेन्सिल थांबवून विचारलं, "आई, इथे काय लिहू?" मी मातीकडे पाहिलं. दगडासारखी टणक माती, बाटलीची झाकणं, सिगारेटची थोटकं. "काहीच नाही, लिही," म्हटलं. तिने लिहिलं.

त्या गणनेत बावीसशेहून जास्त स्वयंसेवक होते, आणि मोजलेली झाडं भरली ६,६६,१३४. दहा वर्षांपूर्वी ती ५,९२,१३० होती. सगळ्यांत जास्त लंडन प्लेन, म्हणजे तो अंगावरची साल सोलून टाकणारा, लष्करी कपड्यांसारखा ठिपकेदार. त्याच्या खालोखाल हनीलोकस्ट. आकडे मला पाठ आहेत याचं मुलीला हसू येतं. तिचे तास भरले, ती कॉलेजला गेली. माझं मात्र ते 'काहीच नाही' राहिलं.

नंतर शिकायला गेले तेव्हा कळलं की त्या रकान्यामागे कारण आहे. शहराने १९९९ ते २००३ या काळात लावलेल्या रोपट्यांपैकी १३,४०५ रोपटी २००६ आणि २००७ मध्ये पुन्हा जाऊन पाहिली होती. जिवंत सापडली ७४.३ टक्के. म्हणजे चारातलं एक गेलेलं. कुठली तगली, तर रहदारी कमी असलेल्या रस्त्यांवरची, आणि कुणीतरी लक्ष ठेवतंय अशा खुणा असलेली. नवीन झाड कंत्राटदार लावतो, त्याची हमी दोन वर्षांची. त्यानंतर शहराची माणसं येतात ती छाटणीला, नाहीतर पडलं तर उचलायला. दर आठवड्याला पाणी घालायला कुणी यायचं? जो समोर राहतो त्याने. कायद्याने सक्ती काही नाही.

'ट्रीज न्यूयॉर्क' ही संस्था १९७६ सालची, म्हणजे शहराचं दिवाळं निघायच्या बेतात होतं आणि झाडांवरच्या खर्चाला कात्री लागली होती त्या काळातली. त्यांचा छाटणीचा अभ्यासक्रम मी केला. परीक्षा झाली, ओळखपत्र मिळालं. आता रस्त्यावरच्या झाडाची फांदी मी अधिकृतपणे कापू शकते, पण अट अशी की दोन्ही पाय जमिनीवर हवेत. शिडी नाही, चढणं नाही, यंत्राची करवत नाही. "लग्नात हीच अट घातली असती तर," असं नवरा म्हणाला. ते सोडून देऊ.

मग आलं २०२०. एल्महर्स्ट हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या मार्च-एप्रिलमध्ये ॲम्ब्युलन्सचा आवाज थांबायचाच नाही, त्याबद्दल तेव्हाच्या अंकात लिहून झालंय. मे महिन्यात चौतिसावी ॲव्हेन्यू गाड्यांना दिवसभर बंद करून माणसांना मोकळी दिली, सव्वा मैलाहून थोडी जास्त, २६ ब्लॉक. घरात कोंडलेली माणसं तोंडाला फडकं बांधून तिथे यायची आणि काय करायचं ते न सुचून रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातलं तण उपटायची. सिल्हेटचे एक काका, इक्वेडोरच्या एक बाई, दोन तिबेटी मुलं, आणि इथेच जन्मून नव्वदीला आलेल्या एक ज्यू आजी, ज्या खुर्चीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडायच्या. आमच्यात एक समान भाषा नव्हती. "गाछ, गाछ," असं काका म्हणायचे, आणि ते मला कळायचं. त्याच मंडळींचा आज शनिवारचा गट आहे.

दारासमोरचा मेपल मात्र त्याआधीच वाळून गेला होता. तोडला, खोड राहिलं, मग खोडही काढलं. ३११ ला फोन करून नवीन झाड मागितलं आणि २०२१ च्या शरदात एका सकाळी ट्रकमधून हनीलोकस्ट आला. हमी संपली २०२३ मध्ये.

२०२४ च्या जुलैमध्ये सासरे आले. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माण तालुक्यातले, जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर. आल्या दिवशी दारात टॅक्सीतून उतरताना त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही चिंच इथे कुणी लावली?" हनीलोकस्टची पानं बारीक, चिंचेसारखीच. कूळही एकच, शेंगांचं. जंगलातल्या जातीला लांब शेंगा आणि बोटभर काटे असतात. शहरात लावतात ती बिनकाट्यांची, आणि बहुधा बिनशेंगांची. हे सगळं मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिंच म्हणणं चालू ठेवलं.

सप्टेंबरात पाऊस कमी झाला. ऑक्टोबरात झालाच नाही. सेंट्रल पार्कमध्ये १८६९ पासून नोंदी आहेत, आणि त्या अख्ख्या महिन्यात तिथे पडला तो इंचाचा शंभरावा भाग. इतका कोरडा महिना त्या वहीत दुसरा नाही. लोक खूश होते, रोज निळं आभाळ. अण्णा खिडकीत उभे राहून म्हणायचे, "हे चांगलं लक्षण नाही." बहात्तरच्या दुष्काळात ते सव्वीस वर्षांचे होते. शाळेच्या पटांगणातला लिंब वाचवायला पोरांनी येताना तांब्याभर पाणी आणायचं, असा त्यांनी नियम केला होता, आणि मग कुणाच्या तरी आईने येऊन विचारलं, मास्तर, आम्ही प्यायचं काय? नियम त्यांनी त्याच दिवशी मागे घेतला. लिंबाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

तर भांडण. ऑक्टोबरच्या मध्याला मी कामावरून परत आले तर अण्णा गुडघ्यावर बसून झाडाला आळं करत होते. आमच्याकडे खुरपं नाही, म्हणून माझं तीन दातांचं हत्यार घेऊन त्यांनी वीतभर खोल खणलं होतं, आणि बोटाएवढी दोन मुळं तुटून वर आली होती. मी फुटपाथवरच ओरडले, "अण्णा, थांबा! मारताय तुम्ही त्याला!" सिल्हेटचे काका समोरून येत होते, ते तिथेच थबकले. अण्णांनी हत्यार खाली ठेवलं, माती झटकली आणि वर निघून गेले. सून चारचौघांत सासऱ्यावर ओरडली, आणि तेही ज्याने चाळीस वर्षं मुलांना झाडं लावायला शिकवलं त्याच्यावर. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवरा दोन्हीकडून मार खात होता.

तिसऱ्या दिवशी मी चहाबरोबर अभ्यासक्रमाची पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली आणि माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून आकृत्या पाहिल्या. शहरातल्या झाडाची बारीक मुळं वरच्या थरातच पसरतात, कारण खालची माती दाबून दाबून वीट झालेली असते, हवा नाही. म्हणून वरची दोन-तीन इंचच हलकेच मोकळी करायची. ढलप्यांचं आच्छादन तीन इंच, पण बुंध्याला टेकवायचं नाही, मधे कडं मोकळं सोडायचं. "आमच्याकडे मूळ पाण्याच्या शोधात खाली जातं," अण्णा म्हणाले. "इथे बिचारं वरच बसलंय. मला काय माहीत." मग जरा वेळाने, "पण बुंध्याला माती टेकवू नये हे मला सांगायला न्यूयॉर्कचं पुस्तक कशाला हवं? त्यालाच आळं म्हणतात."

आम्ही दोघांनी मिळून ते पुन्हा केलं. उथळ, चौकोनाच्या कडेने.

पाण्याचा प्रश्न होताच. लहान झाडाला मे ते ऑक्टोबर दर आठवड्याला १५ ते २० गॅलन लागतं, म्हणजे चार-पाच बादल्या. तळघरातला नळ सुपरने तेव्हा बंद केला होता, आणि नोव्हेंबर लागताच शहरानेही पाणी जपून वापरा असं सांगायला सुरुवात केली. प्यायचं पाणी फुटपाथवर ओतायचं का? मला खरंच उत्तर सापडेना. अण्णांना सापडलं. शॉवर गरम होईपर्यंत जे थंड पाणी वाहून जातं, त्याखाली त्यांनी बादली ठेवली. डाळ-तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, साबण नसलेलं सगळं. चौघांच्या घरात दिवसाला जवळजवळ एक बादली निघाली. इतकी वर्षं ती कुठे जात होती? लिफ्टमधून बादली खाली नेताना लोक बघायचे. चौथ्या दिवशी इक्वेडोरच्या बाई बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि अण्णांकडे बघून नुसत्या हसल्या. ज्या दिवशी पाणी घातलं त्या दिवशी कालनिर्णयवर फुली. नोव्हेंबरचं पान अजून माझ्याकडे आहे.

दिवाळीला अण्णांना झाडाशी पणती लावायची होती. मी नको म्हटलं, पाचोळा वाळून कोळ झाला होता. त्यांना ते पटलं. आठवडाभराने ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात दोन एकर झाडी जळाली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम हाक मारून बातमी दाखवली. पणतीऐवजी चौकोनाच्या कडेने तांदळाच्या पिठीची रांगोळी घातली. खारींनी ती दुपारपर्यंत साफ केली.

१८ नोव्हेंबरला शहराने दुष्काळाचा इशारा एक पायरी वर नेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याच आठवड्यात पाऊस आला. अण्णा जानेवारीत परत गेले.

हनीलोकस्ट आळशी. एप्रिलमध्ये सगळ्या गल्लीत कॅलरी पेअर पांढरे फुलून आपला तो कुजक्या मासळीचा वास सोडत होते, लिंडन पालवले, प्लेन पालवले, आमची चिंच काडीच्या काडी. शनिवारचा गट येऊन मान हलवून जायचा. अण्णा व्हिडिओवर म्हणाले, "नखाने खरवड. आत हिरवं दिसतंय का?" तीन फांद्यांवर हिरवं होतं. चौथीवर तपकिरी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन फांद्यांना पानं आली. चौथीचा, हात पोचतो तेवढा भाग मी कापला, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. वरचा अजून तसाच आहे. तुटलेली दोन मुळं त्याच बाजूची होती, किंवा नसतीलही. हे अण्णांना मी सांगितलेलं नाही, पण त्यांची बहीण हा अंक वाचते, तेव्हा आता कळेलच.

आता जरा घरच्यांना बोलते. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात चारेकशे जण आहेत. मी शनिवारच्या कामाचा निरोप टाकला की सात-आठ अंगठे येतात. माणूस एकही येत नाही. वडापावच्या दिवशी नव्वद पानं उठतात. पुण्यात सकाळी टेकडीवर जाणारी माणसं पाण्याचे कॅन खांद्यावरून वर नेऊन रोपं जगवतात, 'आंघोळीची गोळी' या संस्थेची मुलं झाडांच्या बुंध्यातले खिळे उपटत फिरतात, त्यांचे व्हिडिओ याच गटात येतात आणि त्यावर हार-फुलं पडतात. गावाकडच्या शाळेला आपण पैसे पाठवतो, ते पाठवावेतच. पण इथे तीस वर्षं राहून दारातल्या झाडाबद्दल आपण 'ते सिटीचं आहे' म्हणतो. मीच म्हणत होते, म्हणून मला ते वाक्य चांगलं ओळखू येतं. ज्यांना घरासमोरच्या झाडाची धास्ती आहे, फुटपाथ उचलला जाईल आणि आपल्याला नोटीस येईल म्हणून, त्यांच्यासाठी: शहराच्या झाडाने उचललेल्या फुटपाथच्या दुरुस्तीची योजना आहे, ३११ ला विचारा. मुळावर काँक्रीट ओतू नका.

या ऑक्टोबरात काम आहे ते डॅफोडिलचे कांदे लावायचं. २००१ च्या सप्टेंबरनंतर हॉलंडच्या एका व्यापाऱ्याने या शहराला कांदे भेट पाठवले, तेव्हापासून दर शरदात स्वयंसेवक ते बागांमधून आणि झाडांच्या चौकोनांतून लावत आलेत. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी डॅफोडिलला शहराचं अधिकृत फूल केलं. माझ्या वाट्याला पन्नास कांदे आलेत, काही चौतिसाव्या ॲव्हेन्यूवर, काही आमच्या चिंचेच्या कडेला. परवा अण्णांना पिशवी उघडून दाखवली.

"किती खोल लावायचे?" त्यांनी विचारलं.

"सहा इंच."

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, नेट गेलं.

"वीतभर म्हण की," अण्णा म्हणाले. "गेल्या वर्षी वीतभर खणलं म्हणून रस्त्यात ओरडली होतीस."

मी म्हटलं, अगदी कडेला लावायचे, मूळ लागलं तर ते भोक बुजवून दुसरीकडे जायचं. "बरं, बरं," म्हणाले. "पण हाताने बघ आधी. हत्याराने नको."

शनिवारी सकाळी दहा वाजता, ट्रॅव्हर्स पार्कच्या फाटकाशी. हातमोज्यांचे तीन जोड जास्तीचे आहेत. चहा मी आणते.